हा कुत्रा कोणाचा?

बाईंना कोणी ‘डॉक्टर’ म्हटलं की त्या चालता चालता थांबायच्या. “डॉक्टर नाई, पशुधन पर्यवेक्षक,” असं सांगायच्या आणि समोरच्यानं दुरुस्ती केल्याशिवाय पुढचं बोलायच्या नाहीत. सगळी नोकरी त्यांनी गुरांच्या सरकारी दवाखान्यांत काढली, सुरुवातीला अकोला जिल्ह्यात आणि मग अमरावतीकडे. किती गाईम्हशींच्या कानात पिवळे बिल्ले टोचले त्याची गणती त्यांनाही नव्हती. निवृत्त झाल्यावर गुरं मागे राहिली, पण जनावर दिसलं की त्याचा मालक कोण हे विचारायची सवय राहिली नाही मागे.

मी त्यांची भाडेकरू होते. अकोल्याहून बदली होऊन अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवायला आले, तेव्हा वलगाव रोडच्या बाजूला त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या मिळाल्या. मी कुत्र्यांना भयंकर घाबरायचे आणि खाली ओसरीत तर एक कुत्री बसलेली. पांढुरकी, अंगभर काळे ठिपके. मी फाटकातूनच परतणार होते. बाईंनी भाडेकराराचा कागद फाटकाच्या वरून माझ्या हातात दिला. इतर अटी नेहमीच्याच होत्या. शेवटची मात्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली होती : ‘घरमालकिणीच्या कुत्रीपासून भाडेकरूस भय अगर इजा झाल्यास संपूर्ण जबाबदारी घरमालकिणीची राहील.’ खाली सही.

“इजा ठीक आहे,” मी म्हटलं, “भयसुद्धा?”

“भय पयले होते, मास्तरीण. चावनं मंग.”

त्या दिवसापासून मी ‘मास्तरीण’ झाले.

कुत्रीचं नाव सरकी. तिच्या गळ्यात पितळेचा बिल्ला असायचा. बाजारात भांड्यांवर नावं कोरून देणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडून बाईंनी तो करून घेतला होता. मालकिणीचं नाव, फोन नंबर आणि परवान्याचा क्रमांक एवढंच कोरायचं होतं. पण त्या म्हाताऱ्याचा सगळा जन्म लग्नातल्या घागरी आणि तांबे कोरण्यात गेलेला. सगळं नीट कोरून झाल्यावर सवयीनं त्यानं खाली ‘सप्रेम भेट’ असंही घातलं. बाईंनी ते तसंच ठेवलं. “खोटं थोडीच हाय,” म्हणाल्या. पुढे जनावरांच्या एका तरुण डॉक्टरनं सांगितल्यावर सरकीच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिपसुद्धा बसवून घेतली. बिल्ला पडला, पट्टा तुटला, तरी मशीन फिरवलं की मालकिणीचं नाव निघतं. “वरतबी नाव, आतबी नाव. आता मले नाई म्हनाची सोय नाई.”

फिरायला निघाल्या की साखळीचे दोन वेढे हाताला आणि सरकी डाव्या बाजूला गुडघ्याशी. समोरून म्हातारं माणूस किंवा लेकरू आलं की बाई रस्त्याच्या कडेला व्हायच्या, सरकीला बसवायच्या आणि माणूस पुढे गेल्यावरच उठवायच्या. पर्समध्ये जुनं वर्तमानपत्र आणि पिशवी असायचीच. सरकीनं घाण केली की उचलायच्या आणि कोपऱ्यावरच्या डब्यात टाकायच्या. पहिल्यांदा लोक हसले. बाईंनी हसणाऱ्यांकडे असं पाहिलं, की पुन्हा त्यांच्यासमोर तरी कोणी हसलं नाही.

रस्त्यात कोणाचा कुत्रा दिसला की त्या त्याच्या गळ्याकडे वाकून बघायच्या. पट्टा नसला की विचारायच्या, “हा कुत्रा कोणाचा?”

“माझाच की, बाई.”

“लिवलं कुठी हाय?”

गल्लीतल्या बेवारस कुत्र्यांवर मात्र त्यांचा राग नव्हता. त्यांना पकडून टोचून, कानाला खाच पाडून परत आणून सोडायला त्या स्वतः महापालिकेच्या गाडीबरोबर जायच्या. राग होता तो घरच्या कुत्र्याला मोकळं सोडून स्वतः आत चहा पीत बसणाऱ्यांवर. त्यांच्या टपालपेटीत बाई चिठ्ठ्या टाकायच्या. सुरुवात ‘सविनय’नं आणि शेवट कलमानं. दोनशे एकोणनव्वद, जनावर सांभाळण्यात हयगय केल्याचं. नवा कायदा आला तेव्हा उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन ओसरीत बसल्या आणि एकेकीवर एकोणनव्वद खोडून एक्क्याण्णव केलं. “कलम बदललं. कुत्रे अन् मालक तेच हायत.”

सव्वीस जानेवारीला कॉलनीतल्या झेंड्यासमोर त्यांना ‘दोन शब्द’ बोलायला सांगितलं. त्या साखळीवर बोलल्या. पुढच्या वर्षी कोणी सांगितलं नाही, तर आपणहून उभ्या राहिल्या आणि पुन्हा साखळीवरच बोलल्या.

बाई एकट्याच. लग्न केलं नव्हतं. समोरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली टेबलावर फायली. कोणी जयभीम घातला की मोठ्यानं परत घालायच्या आणि त्याच दमात कुत्र्याला टोचलं का ते विचारायच्या. हळूहळू मीही त्यांच्या ओसरीत बसून वह्या तपासायला लागले. सरकी माझ्या पायाशी येऊन बसायची, मी पाय वर घ्यायचे. बाई सरकीला हाक मारून स्वतःकडे घ्यायच्या.

समोरच्या बंगल्यात एक ठेकेदार राहायचे. रस्त्यांची कामं घ्यायचे. माणूस वाईट नव्हता, गणपतीला आख्ख्या गल्लीला जेवू घालायचा. त्यांच्याकडे टायगर नावाचा अल्सेशियन होता, वासराएवढा. तो मोकळा असायचा. बाई तीनदा सांगायला गेल्या. तिसऱ्यांदा जाताना नवा पट्टा विकत घेऊन गेल्या. मी सोबत होते.

“बाई, टायगर आमच्या घरचा मेंबर हाय,” ठेकेदार हसत म्हणाले. “तुमी आपल्या पोराले दोरी बांधता काय?”

“पोरगं कोनाले चावत नाई. अन् चावलंच तर आपल्या बापाचं नाव तरी सांगते. यानं कसं सांगाव?”

ठेकेदारांनी पट्टा ठेवून घेतला, चहा पाजला. टायगरच्या गळ्यात तो पट्टा कधी दिसला नाही.

मग ती सकाळ आली. वलगावची एक मावशी गाडीवर भाजी घेऊन रोज गल्लीत यायची. मी शाळेला निघाले होते. ठेकेदारांची गाडी बाहेर काढायला बंगल्याचं फाटक उघडलं आणि टायगर सुसाट बाहेर आला. मावशीनं घाबरून हातातली मेथीची जुडी त्याच्यावर उगारली. त्यानं तिची पोटरी धरली. ठेकेदारांचा ड्रायव्हर ओरडला तेव्हा सोडली. लुगडं लाल झालं. मी फाटकाला धरून उभी होते.

बाई आतून धावत आल्या. मावशीला खांद्याला धरून अंगणातल्या नळाशी नेलं, दगडावर बसवलं, नळ सोडला आणि साबण घासायला सुरुवात केली. कोणीतरी मिरचीची पूड आणली, दुसऱ्यानं चुना. बाई ओरडल्या, “दूर फेका ते! मास्तरीण, घड्याळ पाय. पंधरा मिनिटं. एक मिनिट कमी नाई.” मी पंधरा मिनिटं घड्याळ बघत उभी राहिले. आयुष्यात एवढा लांब तास मी घेतला नाही.

गल्ली जमली. फोन वर झाले, कोणी फोटो काढत होतं. चौकीतला हवालदारही आला. ठेकेदार बाहेर आले. त्यांनी रक्त पाहिलं, फोन पाहिले, हवालदाराला पाहिलं.

“हा आमचा नाई,” ते म्हणाले. “असाच गल्लीत फिरते. आमी कधीमधी भाकर टाकतो फक्त.”

“अहो भाऊ, टायगर ना हा?” कोणीतरी म्हणालं.

“टायगर वेगळा. तो शेतावर हाय.”

आपलं नाव ऐकून टायगरचे कान उभे झाले. तो गर्दीतून वाट काढत आला आणि ठेकेदारांच्या पायाला अंग लावून उभा राहिला. ठेकेदारांनी पाय मागे घेतला.

तेवढ्यात दोघं-तिघं काठ्या घेऊन आले. कोणाचाच नाही म्हटल्यावर मारायला मोकळा झाला होता तो. बाई ओल्या हातांनी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“मारू नका. या बाईले इंजेक्शन तर आताच्या आता देनार, कुत्रं कसंबी असो. पन हा दहा दिवस जिता राह्यला पायजे. मारून नालीत फेकला तर तिच्या अंगात काय गेलं, ते कोन सांगन? तुमी सांगता?”

काठ्या खाली आल्या. बाई ठेकेदारांकडे वळल्या. “तुमचा नाई?”

“नाई म्हनलं ना.”

“पक्कं?”

“बाई, किती वेळा सांगू?”

“मंग लिवून द्या.”

माझ्याच वहीचं पान फाडलं गेलं. हवालदार समोर, गल्ली समोर. ठेकेदारांना मागे फिरता येईना. त्यांनी लिहिलं की सदर कुत्रा माझा नसून माझा त्याच्याशी काही संबंध नाही. सही केली. बाईंनी तारीख घालायला लावली, पान घडी करून पर्समध्ये ठेवलं, सरकीची जादा साखळी आणून टायगरच्या गळ्यात अडकवली आणि हवालदाराला म्हणाल्या, “लिवून घ्या भाऊ. आजपासून हा माझा. याच्यापुढं यानं काई केलं तर मले पकडजा.”

टायगर मागच्या अंगणात बांधला. मग स्कूटीवर मावशीला बसवून बाई सरकारी दवाखान्यात गेल्या. जखमेतलं इंजेक्शन, दंडातलं इंजेक्शन, सगळं समोर उभं राहून करून घेतलं. पुढच्या चारही तारखांना त्यांनीच तिला नेलं. एकदा मावशी म्हणाली, आता बरं वाटते, कशाले पुन्हा. बाई सरळ वलगावला जाऊन तिला घेऊन आल्या.

ते दहा दिवस सरकीला वेगळं, वर माझ्या खोलीत ठेवायचं होतं. बाई जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, “मास्तरीण, करारात हे नाई. तू नाई म्हनू शकते.” मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी मी खाटेवर पाय वर घेऊन बसले आणि सरकी दाराशी. चौथ्या दिवशी ती माझ्या पायावर डोकं ठेवून झोपली आणि माझा पाय हलवायचा राहून गेला.

खाली बाईंची वही सुरू होती. ‘सकाळी पाणी प्याला. भाकर खाल्ली. लाळ नाही. आवाज नेहमीसारखा.’ मावशी लंगडत का होईना, रोज गाडी घेऊन यायची. फाटकातून विचारायची, “खाल्लं काय यानं?”

“खाल्लं.”

“मंग मीबी जेवतो.” आणि खरोखरच गाडीवरची शिदोरी सोडून ओसरीच्या पायरीवर जेवायची.

दहा दिवस झाले. टायगर ठणठणीत. अकराव्या दिवशी बाईंनी त्याला टोचून आणलं आणि परवान्याचा अर्ज भरला. त्याच दुपारी ठेकेदार आले. पायातल्या चपला दाराबाहेर काढून, फार नरमाईनं. “बाई, उपकार झाले. नेतो मी त्याले आता.”

“कोनाले?”

“टायगरले.”

“टायगर तर तुमच्या शेतावर हाय ना?”

ठेकेदारांचा चेहरा उतरला, मग चढला. हा काय पोरखेळ, सगळ्या गल्लीला माहीत आहे कुत्रा कोणाचा, वगैरे. बाईंनी अर्ज दाखवला. मालक म्हणून त्यांचं नाव, सोबत ठेकेदारांच्या सहीचा कागद जोडलेला.

“मी देतो ना तुमाले,” बाई म्हणाल्या. “वलगावले जा. त्या बाईच्या घरी. तिले सांगा का कुत्रा माझा होता म्हनून. मंग घेऊन जा.”

“एका भाजीवालीच्या घरी जाऊ मी?”

“चावला तवा भाजीवालीलेच चावला ना?”

ठेकेदार निघून गेले. आठवडे गेले. संध्याकाळी त्यांची गाडी वळणावर आली की टायगर मागच्या अंगणात उभा राहायचा, साखळी ताणायचा, बारीक आवाजात रडायचा. ठेकेदार गाडीतून उतरून क्षणभर फाटकाशी थांबायचे आणि आत जायचे. मला ते बघवेना. एकदा मी म्हणाले, “बाई, पुरे आता. देऊन टाका. तो झुरतोय.”

बाई इतक्या जोरात वळल्या की मी दचकले. “तुले काय माईत?” एवढंच म्हणाल्या.

एका सोमवारी मावशी गाडी फाटकाशी लावून आत आली. “काल आला होता तो. एकटाच, मोटारसायकलवर. खाली वट्यावरच बसला. म्हने, कुत्रा माझाच होता, म्या भिऊन खोटं बोललो. पाय पाह्यला माझा.”

“तू काय म्हनली?”

“काय म्हनतो? पानी देल्लं.”

त्याच संध्याकाळी बाईंनी टायगरला स्वतः समोर नेलं. नाव बदलण्याचा अर्ज दोघांनी बंगल्याच्या पायरीवर बसून भरला. साखळी ठेकेदारांनी हातात घेतली. दुसऱ्या दिवसापासून ठेकेदार सकाळी टायगरला पट्टा लावून फिरवायला लागले, ते मी बदली होऊन तिथून निघेपर्यंत रोज.

मला वाटलं, बाई खूष असतील. टायगरला देऊन आल्या आणि कधी नव्हे त्या जिना चढून माझ्या खोलीत आल्या. खुर्चीवर बसल्या. सरकी मागोमाग.

“मास्तरीण, म्या त्याले वलगावले पाठवलं. मी कुठी गेलो होतो?”

मग त्यांनी सांगितलं. बार्शीटाकळी तालुक्यातलं एक गाव, नोकरीतलं पहिलं ठिकाण. एकट्या मुलीला, त्यातून त्यांच्या समाजातल्या, गावात खोली मिळेना. शेवटी गावातल्या एका बड्या शेतकऱ्यानं वाड्यामागची खोली दिली. त्या घरचा कुत्रा दोन दिवसांपासून लाळ गाळत होता, चालताना झुकत होता. बाईंनी पाहिलं होतं आणि त्यांना कळलंही होतं. तो कुत्रा शेतात निंदणाला निघालेल्या एका बाईला चावला. मालक म्हणाला, आमचा नाही. कुत्रा मारून नाल्यात फेकला. त्या निंदणाऱ्या बाईला कोणाकडून तरी मंतरलेला दोरा बांधून आणला आणि सगळे गप्प झाले.

“म्या एका शब्दानं सांगितलं असतं का कुत्रं पिसाळलेलं होतं, तर तिले अकोल्याले नेलं असतं. पन सांगितलं असतं तर माही खोली गेली असती. म्या म्हनलं, होईन बरं. दीड महिन्यानं ती पानी पाहून वरडाले लागली.” बाईंनी सरकीच्या पाठीवर हात ठेवला. “तिले एक पोरगं होतं.”

मी म्हटलं, “शनिवारी मी घरी जाणारच आहे. अकोल्यापर्यंत सोबत जाऊ. पुढेही येईन.”

शनिवारी आम्ही एसटीनं अकोल्याला, तिथून बार्शीटाकळी आणि तिथून रिक्षानं त्या गावात गेलो. त्या बाईच्या मुलाची आता पिठाची गिरणी होती. पन्नाशीचा माणूस, भुवयांपर्यंत पीठ. बाईंनी नाव आणि पूर्वीची नोकरी सांगितली. त्यानं हात जोडले. बाईंनी बसायचं नाकारलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, गिरणीच्या आवाजात, जवळजवळ ओरडून. मध्येच त्यानं गिरणी बंद केली. शेवटची काही वाक्यं त्या शांततेत फारच मोठी ऐकू आली.

“कुत्रं कोनाचं होतं ते मले माईत हाय,” तो म्हणाला. “गावात कोनाले माईत नाई?”

“पन ते पिसाळलेलं होतं, हे मले माईत होतं. दोन दिवस आंधी. ते तुमाले माईत नवतं.”

“नाई. ते नवतं माईत.”

एक बाई ज्वारीचा डबा घेऊन आली, आमच्याकडे बघून बाहेरच थांबली.

“मायचं नाव आठवते काय तुमाले?” त्यानं विचारलं.

“गिरजा,” बाई म्हणाल्या. “निंदणाले जाताना माह्या खोलीवरून जाये. एकदा तुमाले घेऊन आली होती, बकरीच्या पायाले लागलं होतं म्हनून.”

त्यानं मान खाली घातली. खांद्यावरच्या कपड्यानं तोंड पुसलं, तर पीठ आणखीच पसरलं.

“माफ केलं असं मी म्हननार नाई, बाई.”

“मी माफी मांगाले आलोच नाई.”

“पन इतक्या वर्षांत हे सांगाले घरी कोनी आलं नवतं.” त्यानं बाकडं पुढे ओढलं. “बसा.”

बाई बसल्या. बाकड्यावर पीठ साचलं होतं, त्यांनी ते झटकलंसुद्धा नाही. त्यानं बाहेरच्या बाईचा डबा घेतला, ज्वारी ओतली, गिरणी सुरू केली आणि बाईंच्या शेजारी येऊन बसला. त्या आवाजात ते दोघं बराच वेळ काहीतरी बोलत होते. मी दाराबाहेर उभी होते. मला काही ऐकू आलं नाही, आणि मी जवळही गेले नाही.